पोचपावती कुणाची? डेटाबेस सर्व्हर आणि फाइल सिस्टिम यांच्या चार दशकांच्या संसाराचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, आमच्या ऑफिसात नवा डेटाबेस सर्व्हर येतोय. फाइल सिस्टिम कोणती टाकू? ईएक्सटी-४, एक्सएफएस की झेडएफएस?" मी म्हटलं, उत्तर एका वाक्यात देता येईल, पण त्या वाक्यामागे चाळीस वर्षांचं भांडण आहे. ते भांडण कळलं नाही, तर माझं वाक्य तू पाठ करशील आणि पहिल्याच अपघातात फसशील. म्हणून आजचा विषय हा. उत्तर शेवटी देणार आहे, तेव्हा मध्येच उठू नका.

सुरुवात एका अनुभवापासून करतो. साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, भारनियमनाचे दिवस. एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेनं मला बोलावलं होतं. दुपारी वीज गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली होती, सर्व्हर धाडकन बंद पडला. वीज आल्यावर तो नीट सुरू झाला, एकही एरर नाही. सगळे खूश. संध्याकाळी एक बाई पासबुक घेऊन आल्या. त्यांच्या हातात शिक्का मारलेली भरणा पावती होती, पण संगणकात त्यांचे पैसे नव्हते. मग कळलं की वीज जाण्याआधीच्या काही मिनिटांतल्या सगळ्याच नोंदी गायब आहेत. कॅशिअरनं रात्री उशिरापर्यंत बसून स्थळप्रतींवरून त्या पुन्हा चढवल्या.

यात डेटाबेस खोटं बोलला का? नाही. त्याला ऑपरेटिंग सिस्टिमनं सांगितलं होतं, "लिहिलं". ऑपरेटिंग सिस्टिमला डिस्कनं सांगितलं होतं, "लिहिलं". आणि डिस्कनं ते स्वतःच्या छोट्या मेमरीत ठेवलं होतं, तबकडीवर नव्हे. म्हणजे पोच सगळ्यांनी दिली, माल कुणीच पोचवला नव्हता. आजचा सगळा इतिहास या एका पोचपावतीचा आहे. "तुमची नोंद कायम झाली" असं म्हणायचा अधिकार नेमका कुणाचा?

रोजकीर्द आणि खतावणी

डेटाबेसवाल्यांची बाजू आधी समजून घेऊ. आपल्याकडे जुन्या पेढीवर दोन वह्या असत. व्यवहार झाला की पहिल्यांदा रोजकीर्दीत ओळ पडायची. मग सवडीनं ती ज्याच्या त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत चढायची. खतावणी फाटली, भिजली तरी रोजकीर्द शाबूत असेल तर सगळं पुन्हा उभं करता येतं. पण क्रम उलटा झाला, खतावणीत चढलं आणि रोजकीर्दीत नाही, तर मेळ लागत नाही.

डेटाबेस नेमकं हेच करतो. आधी लॉगमध्ये नोंद, मग मुख्य फाइलमध्ये बदल. १९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा प्रकल्प झाला. तिथे जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीला शिस्त लावली. पुढे १९९२ साली आयबीएमच्याच सी. मोहन आणि सहकाऱ्यांचा 'एरीज' हा प्रबंध आला. मोहन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. अपघातानंतर लॉग वाचून डेटाबेस कसा सावरायचा, याची बारीकसारीक रीत त्यात आहे, आणि आजही कित्येक डेटाबेस त्याच वाटेनं जातात.

पण या सगळ्या शास्त्राची मदार दोन साध्या अटींवर आहे. पहिली, लॉगमधली नोंद डिस्कवर गेली असं सांगितलं, तर ती खरोखरच गेलेली असली पाहिजे. दुसरी, मी सांगितलेला क्रम पाळला गेला पाहिजे. या दोन्ही अटी डेटाबेस स्वतः पाळू शकत नाही. त्या खालच्या थरानं पाळायच्या असतात. तो थर म्हणजे फाइल सिस्टिम.

१९८१ ची तक्रार

आता फाइल सिस्टिमची बाजू. सुरुवातीच्या युनिक्समध्ये प्रोग्रॅमनं "हे लिही" म्हटलं, की कर्नल तो मजकूर मेमरीत ठेवायचा आणि लगेच "झालं" म्हणायचा. डिस्कवर ते सवडीनं जायचं. दर तीस सेकंदांनी एक छोटा प्रोग्रॅम सगळं साचलेलं खाली ढकलायचा. सामान्य माणसाला हे फार सोयीचं. डिस्क अतिशय मंद, मेमरी वेगवान. मेमरीतल्या या साठ्याला कॅश म्हणतात. पतसंस्थेची गोष्ट नुकतीच झालीय म्हणून सांगतो, ही कॅश म्हणजे रोकड नव्हे. पत्र टाइप करणाऱ्याची तीस सेकंदांची मेहनत गेली तर तो चरफडेल आणि पुन्हा टाइप करेल. बँकेची तीस सेकंदं गेली तर काय होतं, ते आपण बघितलं.

बर्कलीला मायकेल स्टोनब्रेकर आणि त्यांचे सहकारी युनिक्सवर इंग्रेस नावाचा डेटाबेस बांधत होते. त्या अनुभवातून स्टोनब्रेकरांनी जुलै १९८१ मध्ये एक लेख लिहिला. डेटाबेसला ऑपरेटिंग सिस्टिमकडून काय हवं, हा त्याचा विषय. लेख सभ्य भाषेत आहे, पण आहे तक्रारच. ते म्हणतात, तुम्ही देता त्या सेवा आमच्या कामाला एक तर संथ पडतात, नाहीतर गैरलागू ठरतात.

त्यातल्या तीन तक्रारी सांगतो. पहिली कॅशची. मेमरी भरली की कर्नल सगळ्यात जुनं, बराच वेळ न वापरलेलं पान बाहेर काढतो. पण डेटाबेस एखादं मोठं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो तेव्हा ती पानं पुन्हा लागणारच नसतात. तरी ती मेमरीत गर्दी करतात आणि खरी कामाची पानं बाहेर जातात. डेटाबेसला हे माहीत असतं, कर्नलला नसतं. दुसरी तक्रार आगाऊ वाचनाची. कर्नल अंदाज बांधतो की पुढचा ब्लॉक लागेल. डेटाबेसला पुढचा कोणता लागणार हे पक्कं ठाऊक असतं, पण सांगायची सोय नाही. आणि तिसरी, आपल्या विषयाची: ही अमुक पानं आत्ता, या क्रमानं डिस्कवर पाठवा असं म्हणायची सोय हवी.

तिसऱ्या तक्रारीला उत्तर बर्कलीतूनच आलं. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये एफसिंक नावाची हाक आली. एखाद्या फाइलवर एफसिंक म्हटलं की त्या फाइलचं साचलेलं सगळं डिस्कवर जाईपर्यंत प्रोग्रॅम थांबून राहतो. हीच आपली पोचपावती. आजही पोस्टग्रेस असो, मायएसक्यूएल असो वा तुमच्या फोनमधलं एसक्यूलाइट असो, कायमपणाची हमी शेवटी या किंवा हिच्या जवळच्या एखाद्या हाकेवर उभी असते.

त्याच ४.२ बीएसडीमध्ये नवी फाइल सिस्टिमही आली. मार्शल मॅक्युसिक, बिल जॉय, सॅम लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी तिच्यावर १९८४ मध्ये प्रबंध लिहिला. जुनी युनिक्स फाइल सिस्टिम ५१२ बाइटचे ब्लॉक डिस्कभर विखरून ठेवायची आणि डिस्कच्या क्षमतेपैकी जेमतेम दोन-चार टक्के वापरायची. नव्या पद्धतीत ब्लॉक ४०९६ बाइटचे किंवा त्याहून मोठे झाले, एका फाइलचे ब्लॉक जवळजवळ ठेवले जाऊ लागले आणि वेग कित्येक पटींनी वाढला.

वेगळी चूल

पण तोपर्यंत धंदेवाईक डेटाबेसवाल्यांचा धीर सुटला होता. त्यांनी एकत्र कुटुंबात राहायचंच नाही असं ठरवलं आणि वेगळी चूल मांडली. ऑरॅकल, सायबेस, इन्फॉर्मिक्स यांच्या त्या काळातल्या सर्व्हरवर बघितलंत, तर डिस्कचा एक अख्खा भाग कोरा ठेवलेला असायचा. त्यावर फाइल सिस्टिम नाहीच. याला रॉ डिव्हाइस म्हणत. डेटाबेस स्वतःच ठरवायचा कुठे काय लिहायचं, कधी लिहायचं, मेमरीत काय ठेवायचं.

वेग मिळाला, पोच थेट डिस्ककडून मिळाली. पण त्रास रोजच्या कामात सुरू झाला. फाइलच नाही, तर तिचं नाव नाही, आकार दिसत नाही, नेहमीच्या साधनांनी बॅकअप घेता येत नाही. वाढवायची तर नवा भाग पाडा. आणि सगळ्यात वाईट, तो कोरा भाग बघून एखाद्या नव्या माणसाला वाटायचं, अरे ही जागा रिकामीच आहे की! तो तिच्यावर फाइल सिस्टिम टाकायचा आणि कंपनीचा डेटाबेस त्याखाली गाडला जायचा.

इथे आपल्या गावाचा एक खरा धागा आहे. व्हेरिटास या कंपनीनं १९९१ च्या सुमारास व्हीएक्सएफएस ही फाइल सिस्टिम आणली आणि पुढे ऑरॅकलसाठी एक सोय दिली: दिसायला फाइल, पण डेटाबेसला वापरायला रॉ डिव्हाइससारखी. बॅकअप घेणारा खूश, डेटाबेसही खूश. व्हेरिटासचं मोठं विकास केंद्र पुण्यात वर्षानुवर्षं होतं. आज या सभागृहात तिथे काम केलेलं कुणी बसलेलं असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही. ऑरॅकलनं नंतर स्वतःचीच डिस्क-व्यवस्था आणली. म्हणजे वेगळी चूल मांडणाऱ्यानं शेवटी स्वतःचं घरच बांधलं.

दुसरी तडजोड म्हणजे डायरेक्ट आयओ. फाइल राहू दे, पण कर्नलच्या कॅशला वळसा घालून थेट डिस्कशी बोलू दे. आज मायएसक्यूएलचं इनोडीबी बहुतेक ठिकाणी असंच चालवतात. पोस्टग्रेस मात्र अजूनही मुख्यतः कर्नलच्या कॅशवर विसंबतो. यात मौज बघा. १९८१ मध्ये कर्नलच्या कॅशविरुद्ध तक्रार करणाऱ्या स्टोनब्रेकरांनीच पुढे पोस्टग्रेस प्रकल्प सुरू केला होता.

फाइल सिस्टिमनंही रोजकीर्द ठेवली

१९९० च्या दशकात फाइल सिस्टिमवाल्यांना एक वेगळीच अडचण भेडसावत होती. वीज गेली की फाइलींचा हिशेब विस्कटायचा: कोणता ब्लॉक कुणाचा, कोणता रिकामा. तो जुळवायला सुरू होताना सगळी डिस्क तपासावी लागे. डिस्क मोठ्या होत गेल्या आणि ही तपासणी तासांवर गेली. उपाय काय? डेटाबेसवाल्यांची रोजकीर्द उसनी घेतली. आयबीएमच्या एआयएक्समध्ये जेएफएस आली, मग व्हीएक्सएफएस. १९९४ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सनं आपल्या मोठ्या यंत्रांसाठी एक्सएफएस आणली. लिनक्समध्ये स्टीफन ट्वीडी यांनी जुन्या ईएक्सटी-२ ला जर्नल जोडून ईएक्सटी-३ केली, ती २००१ मध्ये मुख्य कर्नलमध्ये गेली. एक्सएफएसही मुक्त स्रोत होऊन लिनक्समध्ये आली.

इथे एक मोठा गैरसमज झाला, आणि तो आजही भेटतो. लोकांना वाटलं, जर्नल आहे म्हणजे माझा डेटा सुरक्षित. तसं नाही. बहुतेक फाइल सिस्टिम जर्नलमध्ये स्वतःचा हिशेब लिहितात, तुमच्या फाइलमधला मजकूर नाही. मालकीच्या कागदावर जमीन कुणाच्या नावावर आहे ते नीट असेल, पण शेतात पीक उभं आहे की नाही ते त्यात कळत नाही. ईएक्सटी-३ मध्ये मजकूरही जर्नलमध्ये घालायची सोय होती, पण मग सगळं दोनदा लिहावं लागे. नेहमीची रीत अशी की मजकूर आधी डिस्कवर, मग त्याचा हिशेब जर्नलमध्ये.

या रीतीचा एक परिणाम डेटाबेसवाल्यांना भोवला. ईएक्सटी-३ वर एका छोट्या फाइलचं एफसिंक मागितलं, की बऱ्याचदा इतर फाइलींचा साचलेला ढीगही आधी लिहिला जायचा. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आलं, ते इतिहास आणि बुकमार्क एसक्यूलाइटमध्ये ठेवायचं आणि वरचेवर एफसिंक करायचं. मागे मोठी फाइल कॉपी होत असेल, तर लिनक्सवर ब्राउझर काही सेकंद गोठायचा. याच अनुभवातून अनेक प्रोग्रॅमरांनी चुकीचा धडा घेतला: एफसिंक वाईट, टाळा.

त्या धड्याची फी लगेच भरावी लागली. ईएक्सटी-४ डिसेंबर २००८ मध्ये वापराला योग्य म्हणून जाहीर झाली. ती मजकुराला डिस्कवर जागा देणं शक्य तितकं लांबवते, त्यामुळे वेग वाढतो. पण २००९ च्या सुरुवातीला लोक तक्रार करू लागले: संगणक अचानक बंद पडला आणि सुरू केल्यावर सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या! ईएक्सटी-४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांनी समजावलं, की प्रोग्रॅमनं एफसिंक मागितलाच नव्हता. नियमानं फाइल सिस्टिम काहीच चुकली नाही. नियमानं ते बरोबर होतं. तरी पुढे त्यांनी कर्नलमध्ये अशा नेहमीच्या चुकांसाठी सांभाळून घेण्याची सोय घातली. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की या घटनेत एफसिंक नीट मागणाऱ्या डेटाबेसांचं काही बिघडलं नाही. ज्यांनी पोच मागितली होती, त्यांचा माल पोचला होता.

पण पोच देणारा खरा असेल तरच. माझ्या पतसंस्थेच्या गोष्टीत एफसिंक झालं होतं. डिस्कला "तुझी मेमरी रिकामी कर" असा हुकूमच दिला जात नव्हता. या हुकुमाला बॅरिअर म्हणत, आणि लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये ईएक्सटी-३ साठी तो बराच काळ आपोआप चालू नसायचा, कारण त्यानं वेग कमी होतो. ईएक्सटी-४ आणि एक्सएफएसमध्ये तो चालू येतो. कुणी वेगासाठी तो बंद करायचा सल्ला दिला, तर त्या माणसाला माझी पतसंस्थेची गोष्ट सांगा.

अर्धं लिहिलेलं पान

आता आणखी एक खाचखळगा. पोस्टग्रेसचं पान ८ किलोबाइटचं, इनोडीबीचं सहसा १६ चं. फाइल सिस्टिमचा ब्लॉक सहसा ४ चा. पान लिहिताना मधेच वीज गेली तर? अर्धं पान नवं, अर्धं जुनं. असं फाटकं पान लॉगवरूनही नेहमीच्या पद्धतीनं सावरता येत नाही.

फाइल सिस्टिम याची हमी देत नाही, म्हणून डेटाबेसनं स्वतःच तरतूद केली. इनोडीबी प्रत्येक पान आधी एका वेगळ्या जागी लिहितं आणि मग मूळ जागी, म्हणजे दोनदा. पोस्टग्रेस चेकपॉइंटनंतर पान पहिल्यांदा बदललं की ते अख्खंच्या अख्खं लॉगमध्ये उतरवतो. फाइल सिस्टिमवरच्या अविश्वासाची ही किंमत प्रत्येक सर्व्हर रोज मोजतो.

हे संपवायचा एक प्रयत्न सन मायक्रोसिस्टिम्समध्ये झाला. जेफ बॉनविक, मॅथ्यू अहरेन्स आणि त्यांच्या चमूनं बनवलेली झेडएफएस २००५ मध्ये सोलारिसमध्ये आली. तिचा नियम असा, की जुन्या जागेवर खाडाखोड करायची नाही. नवा मजकूर नव्या जागी लिहा आणि शेवटी खूण बदला. त्यामुळे नोंद एक तर पूर्ण जुनी, नाहीतर पूर्ण नवी. शिवाय प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे डिस्कनं गुपचूप चुकीचा मजकूर परत दिला तरी पकडला जातो. स्नॅपशॉट क्षणात.

मग सगळे झेडएफएसच का वापरत नाहीत? एक कारण परवान्याचं: तिचा परवाना लिनक्स कर्नलच्या परवान्याशी जुळत नाही असं मानलं जातं, म्हणून ती लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये नाही, बाहेरून जोडावी लागते. दुसरं कारण डेटाबेसच्या स्वभावाचं. डेटाबेस एकाच मोठ्या फाइलमध्ये इथे-तिथे छोटे बदल करतो. प्रत्येक बदल नव्या जागी गेला की फाइल डिस्कभर विखुरते. झेडएफएसचा मूळ रेकॉर्ड १२८ किलोबाइटचा. तसाच ठेवला तर ८ किलोबाइटच्या बदलासाठी १२८ ची उलथापालथ. म्हणून डेटाबेससाठी तो ८ किंवा १६ वर आणावा लागतो.

लिनक्समध्ये याच विचारानं बीटीआरएफएस आली. ख्रिस मेसन यांनी ती २००७ मध्ये ऑरॅकलमध्ये असताना सुरू केली. तिथेही डेटाबेसचा वेग मंदावतो म्हणून त्या फाइलींपुरता हा नव्या जागी लिहिण्याचा नियम बंद करता येतो. पण तो बंद केला की त्या फाइलींचे चेकसमही बंद होतात. म्हणजे ज्या गुणासाठी ती आणली, तोच डेटाबेससाठी सोडावा लागतो.

२०१८: पोच दुसऱ्यांदा मागितली तेव्हा

इतकी वर्षं सगळ्यांना एक खात्री होती: एफसिंक "झालं" म्हणालं, तर झालं; "चूक" म्हणालं, तर पुन्हा मागायचं. मार्च २०१८ मध्ये क्रेग रिंगर यांनी पोस्टग्रेसच्या विकासकांपुढे एक भयंकर निरीक्षण ठेवलं. लिनक्समध्ये पान डिस्कवर लिहिताना चूक झाली, तर कर्नल चूक एकदा कळवतो आणि ते पान लिहून झाल्यासारखंच मानतो. दुसऱ्यांदा एफसिंक मागितला, की उत्तर येतं "झालं".

आणि पोस्टग्रेस नेमकं तेच करत होता. पहिल्यांदा चूक आली की थोड्या वेळानं पुन्हा मागायचा, "झालं" ऐकून समाधान मानायचा आणि लॉगमधला जुना भाग टाकून द्यायचा. खतावणीत ओळ चढलीच नव्हती आणि रोजकीर्द फाडून टाकली!

कर्नलवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. समजा कुणी यूएसबी ड्राइव्ह ओढून काढला. त्याची न लिहिलेली पानं मेमरीत किती दिवस सांभाळायची? मशीनची सगळी मेमरी त्यात जाईल. दोघंही आपापल्या जागी शहाणे होते, पण एफसिंक फसल्यावर पुढे काय होतं हे दोघांनी कधी समोरासमोर बसून ठरवलंच नव्हतं. १९८३ पासून २०१८ पर्यंत, पस्तीस वर्षं.

पोस्टग्रेसनं फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांमध्ये उपाय केला. एफसिंक फसला की पुन्हा मागायचा नाही. तिथल्या तिथे सर्व्हर पाडायचा आणि लॉगवरून सगळं पुन्हा उभं करायचं. ऐकायला राकट वाटतं, पण प्रामाणिक आहे. २०२० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी ईएक्सटी-४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस तपासल्या, तर चूक झाल्यावर तिघी एकसारख्या वागत नाहीत असं आढळलं. याच विद्यापीठातल्या गटानं २०१४ मध्येही अकरा प्रोग्रॅम तपासून साठ कच्चे दुवे दाखवले होते, आणि त्यातले कित्येक असे, की एका फाइल सिस्टिमवर लपून राहतात आणि दुसरीवर उघडे पडतात.

मग निवडायची कोणती?

आता त्या तरुण मित्राचं उत्तर. साधा सर्व्हर, लिनक्स, पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल असेल, तर ईएक्सटी-४ किंवा एक्सएफएस, यातली जी तुमच्या वितरणात मूळची आहे आणि तुमच्या माणसांना सावरता येते ती. दोन्हींवर लाखो सर्व्हर चालतात, त्यांच्या खोडी सगळ्यांना माहीत आहेत. रेड हॅटनं २०१४ पासून सातव्या आवृत्तीत एक्सएफएस मूळची केली. मोठ्या फाइली आणि एकाच वेळी अनेक लिहिणारे असतील, तर तिचं पारडं जड. मोंगोडीबीचे लोक एक्सएफएसच सुचवतात. मात्र एक्सएफएसचा भाग नंतर लहान करायची सोय जवळपास नाही, तेव्हा आकार विचार करून ठेवा.

स्नॅपशॉट आणि चेकसम खरोखर हवे असतील, तर झेडएफएस घ्या, पण रेकॉर्डचा आकार डेटाबेसच्या पानाशी जुळवा, तिची आणि डेटाबेसची कॅश एकमेकींची मेमरी खाणार नाहीत हे बघा आणि डिस्क भरत आणू नका. स्नॅपशॉट घेताना डेटा आणि लॉग एकाच क्षणाचे आले पाहिजेत, नाहीतर खतावणी आजची आणि रोजकीर्द कालची.

आणि निवडीपेक्षा महत्त्वाची तीन कामं. एक, अचानक वीज गेली तरी स्वतःची मेमरी खाली करणारी एसएसडी घ्या. घरगुती ड्राइव्हमध्ये ती सोय बहुधा नसते. दोन, वेगासाठी एफसिंक किंवा बॅरिअर बंद करू नका. तीन, सर्व्हर कामाला लावण्याआधी त्याच्यावर नोंदी चालू ठेवून प्लग खेचा. पाच-दहा वेळा खेचा. दुसऱ्या मशीनवर "कमिट झालं" म्हणून आलेली प्रत्येक नोंद परत सापडते का, ते मोजा. एक जरी कमी भरली, तर फाइल सिस्टिमच्या नावाला काही अर्थ नाही.

प्रश्न (श्रोत्यांमधून): आम्ही क्लाउडवर आहोत. आम्हाला याचं काय?

छान प्रश्न. क्लाउडवरची डिस्क आभासी असते, पण तिच्यावर फाइल सिस्टिम तुम्हीच टाकता आणि एफसिंक तसंच चालतं. तुमच्यात आणि खऱ्या डिस्कमध्ये थर वाढले, म्हणजे पोच देणारे वाढले. शिवाय नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कमध्ये मधेच जागा संपणं, जोडणी तुटणं अशा चुका घरच्या डिस्कपेक्षा जास्त संभवतात, आणि २०१८ चा प्रश्न नेमका अशाच चुकांचा होता. तेव्हा डेटाबेसची आवृत्ती नवी ठेवा, कर्नलच्या लॉगमध्ये आयओ एरर आली तर फोन वाजेल अशी व्यवस्था करा, आणि बॅकअप घेता तो महिन्यातून एकदा खरोखर उभा करून बघा. प्लग खेचता येत नसेल, तर तिथे मशीन एकदम बंद करायचा हुकूम असतो, तो वापरा.

त्या बाई पावती घेऊन आल्या, म्हणून पतसंस्थेला कळलं. सगळ्यांकडे पावती असेलच असं नाही.